समन्स पुसणारे महाराज

सुरतच्या नवागामात पॉवरलूमच्या शेडांमागे एक मोकळा प्लॉट होता. त्या गुरुवारी दुपारी तिथे तीनेकशे माणसं उन्हात बसली होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात कोर्टाचा कागद होता. कुणाचा घडी घालून खिशात, कुणाचा प्लास्टिकच्या पिशवीत, कुणाचा पदराच्या गाठीत. पुढे ताडपत्रीच्या सावलीत एक चौरंग, चौरंगावर पितळी परात, परातीत पाणी आणि परातीमागे माइकसमोर बसलेले महाराज.

एका माणसाचा कागद महाराजांनी हातात घेतला, सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. छापील फॉर्म, त्यात निळ्या शाईने भरलेलं नाव, तारीख, खाली कोर्टाचा जांभळा गोल शिक्का. महाराजांनी तो परातीत बुडवला. ओठ हलवले. कागद वर काढला तेव्हा नाव नव्हतं, तारीख नव्हती, शिक्काही नव्हता. छापील अक्षरं मात्र जागच्या जागी होती.

"बोला, कोणाचं नाव आहे यात?" महाराजांनी विचारलं.

"कोणाचंच नाही!" गर्दी ओरडली.

"मग कोर्ट कोणाला बोलावणार? हवेला?" महाराज हसले. "शाई म्हणजे शनी. शिक्का म्हणजे साडेसाती. शाई गई, पिडा गई. चिंता ना करशो! आता एक्केचाळीस दिवस कोर्टाच्या दिशेला तोंड करायचं नाही, वकिलाची सावली घ्यायची नाही. नाहीतर अक्षरं परत उगवतील, मग मला सांगायला येऊ नका."

ज्याचा कागद होता तो माणूस रडत पाया पडला. त्याने दक्षिणा म्हणून आणलेली नवी साडी शिष्याने उचलून मागच्या गठ्ठ्यात टाकली.

मी मागे उभा होतो. माझ्या खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत आणखी अठरा समन्स होते. मी सुरतच्या दिवाणी कोर्टात बेलिफ होतो. बेलिफ म्हणजे कोर्टाचा कागद ज्याच्या नावाचा त्याच्या हातात देणारा माणूस. वडील चाळीसगावकडून रेल्वेत खलाशी म्हणून उधन्याला आले, मी इथेच शिकलो आणि कोर्टात लागलो. १९९७ साली माझ्या नोकरीला बावीस वर्षं झाली होती. बावीस वर्षं लोकांनी मला पाहून दारं लावून घेतली. समन्स घ्यायला नकार दिला की आपण सुटलो, असं त्यांना वाटायचं. नकार दिला तरी, कागद दाराला चिकटवला तरी, कोर्टाच्या लेखी तो पोचलेलाच असतो. हे मी किती जणांना सांगितलं त्याची मोजदाद नाही. सांगून सांगून माझा आवाज असा झाला होता की तो मलाच ऐकू येईनासा झाला होता.

आणि आता हे नवीन.

त्या दिवशी मला त्या प्लॉटच्याच पत्त्यावर एक समन्स द्यायचा होता, मगन नावाच्या माणसाला. मी शिष्याला विचारलं, "मगन कोण इथे?"

शिष्य चपापला. "महाराजांचं पूर्वाश्रमीचं नाव आहे ते. आज त्यांचा योग चालू आहे. पुढच्या गुरुवारी या."

म्हणजे महाराजांवरच दावा होता! दुसऱ्याच्या प्लॉटवर ताडपत्री ठोकली म्हणून मालकाने मनाईहुकूम मागितला होता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मी परत निघालो तर कोणीतरी हाक मारली.

"भाऊ, तुम्ही बी उनात?"

तुम्हीही आलात, असं अहिराणीत विचारणाऱ्या त्या धुरपदाबाई होत्या, डिंडोलीच्या. शेजारी त्यांची मुलगी रंजना, कडेवर चार वर्षांची पिंकी. मला आठवलं. दोन महिन्यांपूर्वी रंजनाच्या हातात समन्स मीच दिला होता. नवऱ्याने घटस्फोटाचा दावा लावला होता, ती आपल्याला सोडून गेली असं म्हणून. आणि मुलीचा ताबा मागितला होता. खरं तर त्यानेच तिला कतारगामच्या घरातून बाहेर काढलं होतं. समन्स घेताना रंजनाने नीट, वळणदार सही केली होती. सातवीपर्यंत शिकलेली मुलगी.

"तारखेला गेली होतीस ना?" मी विचारलं.

रंजनाने आईकडे पाहिलं.

"कसानी तारीख, भाऊ?" धुरपदाबाई म्हणाल्या. "कोरटनी शाई उडी गयी. आज एक्केचाळीस दिन पुरा झायात. साडी चढावाले उनूत." महाराजांना वाहायला आणलेली साडी बाजूला सारून त्यांनी पिशवीतून कागद काढला. नाव नाही, तारीख नाही, शिक्का नाही.

मी तिथेच एका विटांच्या ढिगावर बसलो. पाय दुखत होते.

"मावशी," मी म्हणालो, "ही नक्कल आहे. मूळ दावा कोर्टात आहे. तिथे रजिस्टर आहे, त्यात रंजनाचं नाव आहे, आणि समन्स तिला मिळाला असा माझा रिपोर्ट त्या फायलीत लावलेला आहे. हा कागद तुम्ही पुसा, जाळा, गिळा. तिकडचं एक अक्षर हलत नाही. तारखेला ही आली नाही, म्हणजे कोर्टाने एकतर्फी चालवायचा हुकूम केला असेल. एकतर्फी म्हणजे फक्त नवऱ्याचं ऐकायचं. तो म्हणेल, ही पळून गेली. तो म्हणेल, मुलगी मला द्या. नाही म्हणायला तिथे कोण असेल?"

रंजनाने पिंकीला घट्ट धरलं. पोरगी कुरकुरली.

"असं नका बोलू, भाऊ," धुरपदाबाईंचा आवाज चढला. "महाराजांनी सांगितलंय, कोर्टाचं नाव काढलं की अक्षरं परत येतात."

रंजनाने आईच्या हातातून कागद घेतला. पाहिला. मग नाकाशी नेला. ओल लागून सुकलेला, कडक झालेला कागद तिने दोनदा हुंगला.

"काका," ती म्हणाली, "हा वास मला माहीत आहे. मी रोज धुते हा वास."

"म्हणजे?"

"बाबांच्या कपड्यांना येतो. डाइंग मिलच्या. काडेपेटीच्या विझवलेल्या काडीसारखा."

तिचे वडील, नाव दगा, पांडेसऱ्याला एका रंगाईच्या कारखान्यात मशिनवर होते. आम्ही डिंडोलीला त्यांच्या खोलीवर गेलो तेव्हा ते पाळी संपवून नुकतेच आले होते, हात कोपरापर्यंत किरमिजी. रंजनाने कागद त्यांच्यापुढे धरला.

दगांनी तो हुंगलाही नाही.

"हायड्रो शे," ते म्हणाले.

"काय?"

"हायड्रो. रंग उडवण्याची पावडर. एखाद्या ताग्याला रंग चुकीचा बसला की आम्ही हायड्रोच्या पाण्यात टाकतो. रंग निघून जातो, कापड राहतं. शाईचंही तेच. छापखान्याची काळी शाई त्याला दाद देत नाही, म्हणून छापील अक्षरं राहतात." ते भिंतीला टेकले. "तो महाराज आमच्याच लायनीतला. मगन. पाच वर्षांपूर्वी कलर मास्तरच्या हाताखाली पावडर तोलायचा."

मग रंजना म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"माले पह्यलेच दिन कयनं व्हतं."

"मग सांगितलं का नाही?"

दगांनी बायकोकडे पाहिलं. धुरपदाबाई चुलीसमोर पाठमोऱ्या बसल्या होत्या.

"समन्स आल्यापासून ती झोपली नव्हती," ते हळू म्हणाले. "कागद कोरा झाला त्या दिवशी झोपली. घोरत होती. मला वाटलं, चार दिवस झोपू दे, मग सांगू. मग चार दिवसांचे एक्केचाळीस झाले."

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. तोही आला नाही. मी एवढंच म्हणालो, "उद्या सकाळी रंजनाला कोर्टात पाठवा. अकरा वाजता. मोफत कायदा मदत समितीच्या खोलीत दीप्तीबेन वकील बसतात. बाईमाणसाला वकील सरकार देतं, तिची कमाई किती हेही विचारत नाहीत. हा कायदा आहे, मेहेरबानी नाही."

रंजना सकाळी साडेनवालाच येऊन पायऱ्यांवर बसली होती. दीप्तीबेन पंचविशीच्या, आमच्याच खानदेशी समाजातल्या, एका खुर्चीच्या खोलीत तीन माणसांचं काम करणाऱ्या. त्यांनी फाईल काढवून पाहिली. एकतर्फीचा हुकूम झालेला होता, पण निकाल व्हायचा होता. पुढची तारीख अकरा दिवसांनी.

"नशीब म्हणू नकोस," त्या रंजनाला म्हणाल्या, "पण वेळ आहे. एकतर्फी हुकूम रद्द करून माझंही ऐका, असा अर्ज आपण करू. निकाल लागून गेला असता तरी तीस दिवसांत अर्ज करता आला असता. दार लगेच बंद होत नाही. पण आपण बाहेर बसून राहिलो तर होतं. आता सांग, तारखेला का आली नाहीस?"

रंजनाने मान खाली घातली. "आजारी होते असं लिहा."

"होतीस?"

"नाही."

"मग नाही लिहिणार. खरं सांग."

रंजनाने खरं सांगितलं. दीप्तीबेननी पेन खाली ठेवलं, डोळे चोळले. "हे कारण कच्चं आहे. कायदा माहीत नव्हता, ही सबब कोर्ट मानत नाही. पण खरं आहे, आणि खोट्यापेक्षा तेच टिकेल. लिहिते."

मधल्या गुरुवारी मला मगनचा समन्स द्यायचाच होता. मी प्लॉटवर पोचलो तर रंजना आणि दगा आधीच आले होते. दगांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी आणि घमेलं. त्या दिवशी गर्दी जास्त होती.

महाराजांनी एक कागद उचलला आणि परत दिला. "हा टाइप केलेला. कडक ग्रहाचा आहे. चालणार नाही."

"कारण टाइपची शाई जात नाही!" रंजना उभी राहिली. "महाराज, माझा कागद तुम्ही कोरा केलात. कोर्टात माझं नाव तसंच आहे. मी जाऊन पाहिलं."

"बेन, तू दिशा मोडलीस. तुझ्या पापाने अक्षरं परत..."

"कोर्टाच्या फायलीला तुमचं पाणी कधी लागलं होतं?"

दगांनी घमेल्यात पाणी ओतलं, पिशवीतली पांढरी पावडर टाकली. रंजनाने आपली सातवीची जुनी वही काढली, निळ्या शाईत लिहिलेलं एक पान फाडलं आणि बुडवलं. वर काढलं तेव्हा पान कोरं होतं. मंत्र नाही, ओठ हलवणं नाही. पुढच्या रांगेतले दोन-तीन रंगाई कामगार नाकाशी हात नेऊन एकमेकांकडे पाहू लागले. एक जण मोठ्याने म्हणाला, "अरे, हे तर हायड्रो!"

शिष्य पुढे धावला. त्याच वेळी मी चौरंगापाशी गेलो आणि पिशवीतून समन्स काढला.

"मगनभाई, हा तुमच्या नावाचा. निळ्या शाईत भरलाय, शिक्का जांभळा आहे. परात समोर आहे. बुडवा."

महाराजांनी परातीकडे पाहिलं नाही. त्यांनी समन्स दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांजवळ नेऊन वाचला, तारखेवर बोट ठेवलं आणि खालच्या आवाजात मला विचारलं, "एकवीस तारीख एटले सोमवार ने? वकील करवो पडशे?"

माइक चालू होता.

सगळी गर्दी उठून गेली, असं लिहायला मला आवडलं असतं. शंभरेक माणसं गेली. काहींनी रंजनालाच शिव्या दिल्या. एक म्हातारी म्हणाली, महाराज परीक्षा पाहत आहेत. आठवड्याने ताडपत्री निघाली आणि मगन गावातून गेला. फसवणुकीची तक्रार पोलिसांत देता येते, हे मी अनेकांना सांगितलं. एकानेही दिली नाही. फसलो हे लिहून द्यायची लाज वाटते माणसाला.

रंजनाच्या तारखेला धुरपदाबाईही आल्या होत्या. न्यायाधीशांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, रंजनाकडे पाहिलं. "शिकलेली आहेस, कागद वाचता येत होता. तरी पाण्यात बुडवलास?"

"हो साहेब. भीती वाटत होती."

त्यांनी अर्जाचं पान पुन्हा उलटलं. मग ते म्हणाले की उशीर आणि कारण दोन्ही चांगली नाहीत, पण प्रश्न मुलीचा आहे आणि अजून निकाल झालेला नाही; दुसरी बाजू ऐकून घेणं योग्य. हुकूम रद्द झाला. बाहेर आल्यावर धुरपदाबाई व्हरांड्यात मटकन बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. लेकीला सोडून दुसऱ्या कोणावर विश्वास टाकल्याबद्दल रडत होत्या की सुटकेने, मी विचारलं नाही.

दावा अडीच वर्षं चालला. रंजना एकही तारीख चुकली नाही. पिंकी तिच्याकडेच राहिली. बापाला महिन्यातून दोन रविवार भेटायची मुभा मिळाली. सोडून गेल्याचा आरोप टिकला नाही. यात चमत्कार नव्हता. सव्वीस-सत्तावीस खेपा, ती कामाला जायची त्या लूमच्या शेडमधून काढलेल्या तेवढ्या सुट्ट्या आणि दीप्तीबेनच्या फाईलचा वाढत गेलेला जाडपणा होता.

मी आता निवृत्त आहे. दमलोही आहे. तरी एवढं सांगतो. कोर्टाचा कागद आला तर घ्या. वाचा, वाचता येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि तारीख भिंतीवर लिहून ठेवा. समन्स म्हणजे शिक्षा नाही. तुमचं म्हणणं मांडायला या, असं ते बोलावणं आहे. वकील परवडत नसेल तर कोर्टातच मोफत मदतीची खोली कुठे आहे ते विचारा. तारीख चुकली असेल तर लपू नका, दुसऱ्याच दिवशी जा. आणि कोणी तुमचं संकट पाण्यात बुडवून दाखवलं, तर पाणी कशाचं आहे ते आधी विचारा.