माथ्याची पट्टी

मेलेरीने आरशासमोर उभं राहून दोन बोटं तोंडात घातली आणि अशी सणसणीत शीळ घातली, की खालून आजोबा ओरडले, "घरात नको गं! नेल जिना चढेल!"

तोवर नेल जिना चढलीही होती. शीळ डावीकडे वळायची होती, म्हणून ती गुणी कुत्री वर येऊन डावीकडे वळली आणि थेट मळक्या कपड्यांच्या टोपलीत जाऊन बसली. मेलेरी हसून हसून लोळायची बाकी राहिली. आज सगळं जमणार, तिला वाटलं. आज डोंगरसुद्धा आपलं ऐकणार.

आज मोएल लुइदवरून मेंढ्या उतरवायच्या होत्या. या डोंगराला ना कुंपण ना फाटक. साऱ्या गावाच्या मेंढ्या वर एकत्र चरतात, आणि लोकर कातरायची वेळ आली की सगळं गाव रांग धरून डोंगर विंचरून काढतं. प्रत्येक घराची पट्टी ठरलेली. आपल्या पट्टीतली मेंढरं, मग ती कुणाची का असेनात, खाली हाकायची. कानातल्या खुणा बघून वाटणी मेंढवाड्यात होते. मेलेरीच्या घराची, म्हणजे हेवोदची, पट्टी सगळ्यात वरची, माथ्याची. तिथे चूक झाली तर मेंढी धार ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात जाते. गावातले लोक त्याला 'सासरी गेली' म्हणतात आणि वर्षभर चिडवतात.

ती पट्टी आजोबांनी जन्मभर राखली. पण वसंतात ऑपरेशन करून त्यांचा खुबा बदलला, आणि आता ते काठी टेकत कोंबड्यांपर्यंत जायचे, तेवढंच.

"आज राखलीस तर तुझी," लुनेदकाकूंनी डोंगराच्या पायथ्याशी सगळ्यांसमोर सांगितलं. मेंढ्या उतरवायच्या दिवशी गावावर त्यांचंच राज्य असतं. चॅपलचे पाद्रीसुद्धा त्यांना विचारून शिंकतात. "नाही राखलीस, तर पुढल्या वर्षीपासून टेक्विन खालच्या पट्टीबरोबर वरचीही घेईल. मग रडारड नको."

"रडतंय कोण?" मेलेरी म्हणाली. लगेच तिला वाटलं, जरा जास्तच बोलले.

टेक्विनकाका बाजूलाच उभे होते, गळ्याला मफलर, चेहरा पडलेला. एरवी ते आपल्या कुत्र्याला, पेरोला, हाक मारतात तेव्हा तीन शेतांवरची कुत्री माफी मागतात. पण रविवारी चॅपलमध्ये गाण्यांचा मेळा होता, तिथे त्यांनी खर्जात असा जीव ओतला की आवाज तिथेच राहिला. आता नुसती मान हलवत होते.

"आज डोंगराला सुट्टी!" कोणीतरी म्हणालं, आणि टेक्विनकाकांनी त्याच्याकडे असं बघितलं की आवाजाची गरजच नव्हती.

वर पोचेपर्यंत आकाश कसं धुतल्यासारखं होतं. खाली पाटीच्या दगडाची काळीभोर छपरं, चॅपल, नदीचा वाकडा दोरा. मेलेरीने नेलला सोडलं. शीळ डावी, नेल डावीकडे. शीळ उजवी, नेल उजवीकडे. नेच्यांतून, जांभळ्या झुडपांतून मेंढ्या निघाल्या, कोकरं बे-बे करत आयांच्या मागे. मेलेरी मनात म्हणाली, हात्तिच्या! एवढ्यासाठी आजोबा रात्र रात्र झोपायचे नाहीत?

आणि धुकं आलं. पलीकडच्या खोऱ्यातून कुणीतरी गोधडी झटकून टाकावी तसं. आधी धार गेली, मग मेंढ्या गेल्या, मग स्वतःचे बूट.

घाबरायचं नाही. शीळ आहे ना? तिने डावी शीळ घातली. धुक्यात नेलची पावलं डावीकडे धावली. ठीक. आणि तेवढ्यात खालून शीळ आली. हुबेहूब तिचीच. तीच लांब सुरुवात, तोच शेवटचा झटका.

प्रतिध्वनी, तिला वाटलं. कड्यावरून आला असेल.

पण ती शीळ उजवी होती.

प्रतिध्वनी कधी उलटं बोलतो का? मेलेरी उभीच राहिली. नेलची पावलं थांबली आणि उजवीकडे गेली. मेंढ्या बावचळल्या. खूर दगडांवर खडखडले, एक कोकरू तिच्या पायांतून पळालं. तिने पुन्हा डावी घातली. खालून आलं, बस. आता नेल बसली असणार! तिने ऊठ म्हटलं. खालून पुन्हा बस. पांढऱ्या अंधारात एक डोंगर, एक कुत्री आणि दोन मेलेरी असं काहीतरी होऊन बसलं. तिला क्षणभर खरंच कळेना की आपण शीळ घातली की ऐकली. बोटं तोंडातून काढून तिने ती बघितली. ओली होती. म्हणजे घातली होती. बहुतेक.

मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही शीळ जगात दोघांनाच येते. एक ती, दुसरे आजोबा.

"आजोबा!" ती ओरडली. "वर आलात होय? माझ्यावर विश्वास नाही ना? घरी जा! ऐकलंत का? घरी जा म्हणते!"

उत्तर म्हणून नुसती शीळ आली. या खेपेला आणखी खालून, दलदलीच्या बाजूने.

राग जेवढ्या वेगाने आला होता तेवढ्याच वेगाने उतरला. दलदल. नवा खुबा. काठी त्या चिखलात हातभर रुतते. फोन काढला तर रेंजचं नाव नाही. तिने श्वास रोखून ऐकलं. वरच्या बाजूला, धारेजवळच्या खिंडीत, खूर वाजत होते. मेंढ्या सासरी निघाल्या होत्या. आत्ता खिंडीच्या तोंडाशी जाऊन उभं राहिलं तर अडतील. आणि खाली आजोबा. खिंड वर, आजोबा खाली, आणि तिला पाय दोनच.

"नेल, मला शिव्या देऊ नकोस," ती म्हणाली, आणि माथा सोडून खाली पळाली.

घसरत, नेच्यांना धरत, एकदा सपशेल बसत ती दलदलीच्या काठाशी पोचली. धुक्यात एक आकृती, तोंडात दोन बोटं. पायाशी नेल बसलेली, अगदी आज्ञाधारक.

"आजो..." ती म्हणाली आणि थांबली.

मफलर होता. टेक्विनकाका होते.

त्यांनी बोटं काढली. आधी तोंडाकडे दाखवलं, मग वर, मग नेलकडे, मग दोन्ही हात असे पसरले की जणू हे सगळं तिनेच केलं. मेलेरीला ढिम्म कळलं नाही.

"तुम्ही आमची शीळ कशी घालता?" ती किंचाळली. "माझी कुत्री तुमच्याकडे कशी? आजोबा कुठेत?"

टेक्विनकाकांनी घसा आवळून जमेल तेवढी कुजबूज काढली. "मला वाटलं... तुझा आजोबा, एम्लिन, वर आलाय. तुझ्या मदतीला. म्हटलं, हा म्हातारा माझ्या पेरोला का पळवतोय?"

"मला वाटलं, आजोबा खाली आहेत!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. धुक्यातून पेरो आला आणि आता कुणाचं ऐकायचं ते ठरेना म्हणून मधोमध उभा राहिला.

हळूहळू उलगडा झाला. पेरो हेवोदचंच पिल्लू. आजोबांनीच त्याला शिकवून मग टेक्विनकाकांना विकलेलं. आजोबांना शीळ घालायची एकच तऱ्हा यायची. ती त्यांनी पेरोला दिली, नेलला दिली आणि मेलेरीलाही दिली. टेक्विनकाकांनी सौद्यात शीळ शिकून घेतली खरी, पण त्यांचा गळा असताना ती लागली कुणाला? आज गळा गेला, म्हणून ती बाहेर निघाली. म्हणजे इतका वेळ मेलेरी पेरोला पळवत होती आणि टेक्विनकाका नेलला. म्हणजे मघाशी डावीकडे जी पावलं गेली ती कुणाची? आणि उजवीकडे गेली ती? मेलेरीने मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"आता?" तिने विचारलं.

टेक्विनकाकांनी दोन्ही हात खिशात घातले आणि हनुवटीने तिच्याकडे खूण केली. तू घाल.

तिने घातली. दोन्ही कुत्री एकदम डावीकडे सुटली आणि एकमेकांवर आदळली. पुन्हा घातली. या वेळी पेरो थोडा मागे राहिला, शहाण्यासारखा. दोन पट्ट्यांची मेंढरं कशीबशी एका लोंढ्यात आली आणि ती दोघं धुक्यातून त्यांच्या मागे उतरू लागली. खिंडीतून आता कुठलाच आवाज येत नव्हता. मेलेरीला तेच सारखं ऐकू येत होतं.

लुनेदकाकूंच्या अंगणात लांब टेबल मांडलं होतं. त्याच्या टोकाला एप्रन बांधून आजोबा बटाटे सोलत होते. सकाळपासून तिथेच होते. काठी खुर्चीला टेकवलेली, बुटांना चिखलाचा ठिपकासुद्धा नाही. त्यांना बघून तिला रडू येतंय की राग येतोय, तेही कळेना.

अंगणालगतच्या मेंढवाड्याच्या अरुंद फाटकातून मेंढ्या निघत होत्या आणि लुनेदकाकू कानातल्या खुणा बघून त्यांना इकडे-तिकडे वळवत होत्या. शेवटची मेंढी गेली तशा त्या वळल्या.

"माथ्यावरच्या कमी आहेत. बऱ्याच."

टेक्विनकाकांनी पुढे होऊन तोंड उघडलं, पण दार करकरावं तसा आवाज निघाला आणि दोघं-तिघं फिस्सकन हसले.

"मी सोडला माथा," मेलेरी म्हणाली. "मला वाटलं आजोबा दलदलीत आहेत. खिंडीत खूर ऐकले होते मी. ऐकूनसुद्धा खाली गेले."

आजोबांची सुरी थांबली. "माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी!"

"तुझी आई जन्मली त्या दिवशी मी माथ्यावर होतो," ते म्हणाले. "निरोप आला होता. नाही उतरलो."

एवढंच. ते बरं केलं की वाईट, हे त्यांनी सांगितलं नाही. हातातल्या बटाट्याकडे बघत राहिले, आणि साल कधीच निघाली होती तरी सोलत राहिले.

लुनेदकाकूंनी हात पुसले. "उद्या पलीकडच्या खोऱ्यात जायचं. ते लोक चहा देतील आणि टोमणेही देतील. दोन्ही गिळायचं आणि मेंढ्या घेऊन यायच्या."

"टेक्विनकाकाही येतील?"

"त्याचं काय काम? पट्टी कुणाची?"

"हेवोदची."

"हेवोद काय पायांनी डोंगर चढतं? कुणाची?"

मेलेरीने सगळ्यांकडे बघितलं. कुणाच्याच चेहऱ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. "माझी?"

"मग पळालेली मेंढरंही तुझीच. बस आता, जेव."

ती आजोबांशेजारी बसली. कोणीतरी पुढ्यात थंड मटण, लोणचं आणि पावाचा जाड तुकडा सरकवला. "म्हणजे पट्टी मिळाली की गेली?" तिने हळूच विचारलं.

"मला काय विचारतेस?" आजोबा म्हणाले. "मी आज बटाटेवाला."

धुकं आत्ता, नेमकं आत्ता, उठत होतं. मोएल लुइदचा माथा उघडा पडला होता, आणि धारेवर मेंढ्यांचे पांढरे ठिपके दिसत होते. ते पलीकडे चालले होते की परत येत होते, हे तिने डोळे बारीक करकरून बघितलं, पण कळेना. पाव हातातच राहिला.