मेताचे रिकामे हात

डेन्मार्कमधल्या जटलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात मेता म्हणजे चांगुलपणाचं दुसरं नाव. बाळंतिणीला सूप, म्हाताऱ्यांना लोकरीचे मोजे, चर्चमध्ये फुलं, सगळं तिचंच. नाताळाआधी चर्चच्या दारावर हिरव्या डहाळ्या बांधताना ती शिडीवरून पडली आणि पाय मोडून घरी बसली.

दुसऱ्या दिवशी दारात थोगर उभा. शेजारचा हा तिरसट कोळी चर्चमध्ये फक्त मयताला यायचा, तेही नंतरच्या कॉफीसाठी. त्याच्या हातात वाटाण्याच्या सूपचं भांडं होतं.

"करपलंय," तो म्हणाला. "पण गरम आहे."

मग तो रोजच येऊ लागला. कोंबड्यांना दाणे टाकायचा, शेगडी पेटवायचा. मेताला ते सहन होईना. तिने मोज्यांचा जोड पुढे केला.

"माझ्याकडे आहेत मोजे."

"अरे, मग घेशील तरी काय?"

"काही नाही."

"फार चांगला आहेस रे तू."

"गावात बोलू नकोस हं! लोक कामं सांगतील."

शेवटी तिने पाद्रीबाईंना बोलावून घेतलं. लिस्बेट पाद्रीबाई वयाने तिच्या मुलीएवढ्या.

"मी या माणसाचं कधी काही केलं नाही," मेता कुरकुरली. "उलट त्याच्या दारूवरून त्याला चारचौघांत बोलले. मग हा असा का वागतो?"

पाद्रीबाई खळखळून हसल्या. "मेताबाई, दर रविवारी मी दुसरं काय सांगते? आपण चांगले म्हणून देव आपल्यावर माया करत नाही. कमावून मिळाली, तर ती मजुरी झाली. तुम्ही आयुष्यभर देत आलात, छानच केलंत. आता जरा घ्यायला शिका."

संध्याकाळी मेताने करपलेलं सूप वाडगाभर खाल्लं आणि थोगरला म्हणाली, "भयंकर आहे. अजून वाढ."

नाताळाच्या दिवशी थोगरने तिला मासळीच्या हातगाडीत बसवून चर्चमध्ये आणलं. अंगाला हेरिंगचा वास, मांडीवर ना फुलं, ना मेणबत्त्या. प्रभुभोजनाच्या वेळी पाद्रीबाई भाकर घेऊन तिच्यापाशी आल्या. मेताने दोन्ही रिकामे हात पुढे केले. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

मागच्या बाकावर थोगर खुशाल घोरत होता. त्याला कुणीच उठवलं नाही.