डॉक्टरांची नळी

"बंद करू नका, चालूच राहू द्या," डॉक्टर बॉनेटखालून ओरडले. सांगायची गरज नव्हती. गाडी दोन आचके देऊन आपणहून बंद पडली.

आत बसलेल्या बाई शाळेत गणित शिकवत. एकच उदाहरण तिसऱ्यांदा चुकवणाऱ्या मुलाकडे पाहावं, तसं त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"काका, राग मानू नका, पण आज नाही जमलं तर मी दुसरीकडे दाखवते. रोज सिग्नलला बंद पडते हो. मागचे लोक हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात."

डॉक्टर काही शिकलेले डॉक्टर नव्हते. ते गाड्यांचे मिस्त्री. हातभर रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं इंजिनावर फिरवायचं आणि दुखणं कुठे आहे ते सांगायचं, ही त्यांची पद्धत. त्यावरून हे नाव पडलं. तीस वर्षांत नळीने दगा दिला नव्हता, आणि हे ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. कॉम्प्युटर लावून गाडी तपासणाऱ्यांची तर ते यथेच्छ टिंगल करत.

या गाडीचे प्लग बदलून झाले होते, हवेचा मार्ग धुऊन झाला होता. पळवली की ठणठणीत, उभी केली की थरथर. म्हणजे कुठूनतरी जादा हवा आत खेचली जातेय, हे शेंबडं पोरही सांगेल. पण कुठून? चिरेतून हवा खेचली गेली की सुस्स असा बारीक आवाज येतो. डॉक्टरांनी गाडी पुन्हा चालू करायला लावली आणि कान दुखेपर्यंत नळी फिरवली. धडधड स्वच्छ ऐकू येत होती, सुस्स काही येईना.

बाई उतरून शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "हे काय वाजतंय हो, सुस्स?"

"कुठे?"

"अहो, हे काय इथे! मला तर नळीशिवाय ऐकू येतंय."

त्यांच्या बोटाच्या रोखाने डॉक्टरांनी हात आत घातला. मागच्या बाजूला एका रबरी पाइपाचं वळण होतं, त्याला खालच्या अंगाने चीर गेली होती. तिच्यावर अंगठा दाबताच इंजिनाची थरथर थांबली.

"तुम्हाला ऐकू नाही आलं, काका?"

"आलं की! तुम्हाला येतं का, ते बघत होतो."

बाई हसल्या. थाप त्यांच्या लक्षात आली असावी. पण उत्तर बरोबर आलं होतं, म्हणून त्यांनी रीतीचे गुण कापले नाहीत.

नवा पाइप बसवून गाडी गेली. डॉक्टरांनी टायरमध्ये हवा भरायच्या नळीचं तोंड जरासं उघडलं आणि कानाजवळ नेलं. गालाला गार वारा लागला. आवाज काही नाही. ते तसेच स्टुलावर बसले. बारीक आवाजच गेले होते. आणि त्यांच्या मुलीचा आवाज बारीक होता.

एकुलती एक मुलगी, लग्न होऊन लांब गेलेली. दर रविवारी फोन करायची. आई होती तोवर आईच बोलायची. ती गेल्यावर डॉक्टर बोलू लागले, म्हणजे "हॅलो, रेंज नाही गं" म्हणून फोन ठेवू लागले. त्यांनी फोन बदलला, कार्ड बदललं. ज्या कानाने आयुष्यभर पोट भरलं, त्याच्यावर संशय कोण घेईल? पुढे पुढे ते आपले अंदाजाने "हो का, छान" म्हणायचे. मुलीला दिवस गेल्याचं जावयाने खणखणीत आवाजात सांगितलं होतं, तेव्हा बातमी छानच असणार. दीड महिन्यापूर्वी असंच ते "वा, छान!" म्हणाले, आणि त्यानंतर तिचा फोन आला नाही. म्हातारा बाप नकोसा झाला असेल, असं म्हणत ते रुसून एकटेच रविवार ढकलत होते.

त्यांनी फोन लावला, आवाज मोठा केला आणि नळीचं टोक त्यावर टेकवलं.

"बाळा, मला ऐकू येत नाही गं. रेंज नव्हे, कानच गेलेत. आज कळलं. त्या दिवशी तू काय म्हणालीस, ते मी ऐकलंच नव्हतं. मोठ्याने सांग."



"बाबा, बाळ राहिलं नाही, एवढंच म्हणाले होते मी." ती जवळजवळ ओरडून बोलत होती. "आणि तुम्ही छान म्हणालात."

या वेळी शब्द न् शब्द ऐकू आला. डॉक्टरांच्या डोळ्यांना धार लागली.

"चुकलो गं," ते म्हणाले. "फार चुकलो."

पलीकडून काहीच ऐकू येईना. ती रडत असावी. लहानपणीही ती अशीच बारीक आवाजात रडायची, आईलाच तेवढं कळायचं. फोनवरचे सेकंद पुढे सरकत होते, म्हणजे ती होती. डॉक्टरांनी नळी कानात घट्ट धरली. दुकान बंद करायची वेळ होऊन गेली, तरी त्यांनी फोन ठेवला नाही.