शिरा पिणारा निळा दगड

भाड्याच्या हॉलबाहेर रांग सकाळपासून उभी होती. अक्षरशः उभी, कारण खुर्ची एकही नव्हती. "बसलात की ऊर्जा बसते!" असं एक सेवक कर्ण्यावरून सारखा बजावत होता. स्वतः मात्र स्टुलावर ऐसपैस बसून.

रांगेत कंडक्टर, न्हावी, शिक्षिका, नर्स. सगळी उभ्याने राबणारी माणसं. पोटऱ्यांवर निळ्या, गाठाळ, फुगलेल्या शिरा. आणि आत निळेबाबा. त्यांनी निळा दगड फिरवला की शीर गायब! सुई नाही, औषध नाही. आमच्यासमोरच एका शिक्षिकेच्या पोटरीवरची दोरखंडासारखी शीर पाहता पाहता सपाट झाली आणि हॉलभर "अहाहा" उमटलं. दगड सकाळपासून एवढ्या शिरा प्यायला होता, पण तसूभरही फुगला नव्हता.

माझ्या एका कडेवर तान्ही लेक, दुसऱ्या हातात तिची जड पिशवी आणि पुढे सासूबाई. कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून त्यांच्या घोट्याजवळची कातडी काळी, खरबरीत झाली होती. "इथे जखम झाली तर लवकर भरणार नाही," असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. त्या जागी एखादा ओरखडा तर नाही ना, हे मी रोज चोरून बघायची. शिरा बंद करणाऱ्या इंजेक्शनची वेळ परवाची होती आणि सासूबाईंना ती रद्द करायची होती.

"अहो आई, डॉक्टरांनी एवढं समजावलं होतं..."

"काय समजावलं? बहुतेक बरं वाटेल. कदाचित पुन्हा यावं लागेल. डाग राहूही शकतो. मी गिऱ्हाइकाशी असं बोलले तर दुकानाला कुलूप लागेल! बाबा बघ कशी छातीठोक खात्री देतात."

नंबर आला. बाबांनी त्यांना उतरत्या फळीवर झोपवलं, डोकं खाली, पाय वर.

"माई, या शिरेत तुमचा वीस वर्षांचा राग साचलाय!"

"वीसच? लग्नाला अडतीस झाली."

बाबांनी ऐकलंच नाही. "डॉक्टर सुईने शीर मारतात आणि पाय लाकूड होतो. हा दगड फक्त निळेपणा पितो."

तेवढ्यात लेकीने माझं कानातलं पकडलं. पिशवी खाली टाकून मी तिची मूठ सोडवू लागले आणि नजर माझ्याच हातावर गेली. मघापर्यंत लोंबत्या हातावर शिरा टरारल्या होत्या. आता कानाशी नेलेल्या हातावर एकही नाही. हात खाली सोडला, शिरा आल्या. वर नेला, गेल्या. दगड तर बाबांकडेच होता!

तोवर आईंची शीर सपाट झाली होती आणि बाबा घट्ट पट्टी गुंडाळून मोकळे झाले. "तीन दिवस सोडायची नाही."

"पट्टीशिवाय आईंना जरा उभं करता?" मी विचारलं.

"शंका आली की शीर परत येते, ताई."

"शंका माझी आहे, बाबा. शीर आईंची."

कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्यानेच मला धीर आला. "सगळ्यांनी एक हात थोडा वेळ लोंबता सोडा. शिरा दिसल्या? आता डोक्यावर न्या."

हॉलभर हात वर गेले. दारातल्या सेवकाला वाटलं, बाबा पावले. "बोला, निळेबाबा की..." कर्णा गरजला. पण जो तो आपापला हात बघत होता.

"थांब गं," सासूबाई उठल्या. "मी गिऱ्हाइकाला कापड दाराशी नेऊन उजेडात दाखवते. बाबांनीही दाखवावं." त्यांनी पट्टी सोडली आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. पोटरीवर एकेक शीर परत आली, घरमालक गावाहून परतावा तशी, निवांत.

"नजर लागली!" बाबा ओरडले.

"कुणाची? आम्ही तर फक्त उजेडात बघितलं," सासूबाई म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या.

चमत्कार एवढाच होता. पायातलं रक्त वर चढवणाऱ्या शिरांमध्ये ते परत खाली येऊ न देणाऱ्या झडपा असतात. त्या सैल पडल्या की रक्त खाली साचतं. उभं राहिलं की शीर फुगते, पाय वर केला की रिकामी होते. रांगेला खुर्च्या नव्हत्या ते उगाच नाही. निम्मी जादू रांगेतच होत होती.

ठरल्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. सासूबाईंनी कापड चाचपावं तसं एकेक विचारून घेतलं. आधी सोनोग्राफी कशाला? आतल्या शिरा नीट आहेत ना, ते बघायला. औषधाने होतं काय? बिघडलेली शीर आतून चिकटून बंद होते, हळूहळू विरते आणि रक्त चांगल्या शिरांतून जातं. नंतर? लगेच चालायचं आणि सांगतील तितके दिवस घट्ट मोजे घालायचे. पोटरी सुजून दुखली किंवा धाप लागली तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, काही औषधं चालू असतील, तर आधीच सांगायचं. गरोदरपणात माझ्याही पोटरीवर आलेल्या शिरांचं मी विचारलं तर डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळ अंगावर पितंय तोवर थांबा.

"आणि नव्या शिरा येणारच नाहीत, याची खात्री?" सासूबाईंनी खडा टाकला.

"नाही देता येणार," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी मान डोलावली आणि पाय पुढे केला.

तुम्हीही आत्ता हात लोंबता सोडून बघा, मग वर न्या. आणि तुमच्या पायाला हात लावणारा बाबा असो की डॉक्टर, त्याला विचारा: मी उभी राहिल्यावर काय दिसेल? सहा महिन्यांनी काय दिसेल? ज्याला या प्रश्नांचा राग येतो, त्याच्यापुढे पाय करू नका.