गौराच्या फोटोखाली रामीचं नाव

जव्हारच्या प्रेसवाल्या गुलामभाईंची धाकटी मुलगी रुमाना नाशिकला वर्षभर राहून वेबसाइट बनवायला शिकून आली, तेव्हा घरात कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पोरगी छापण्याचंच काहीतरी शिकली आहे, एवढंच अब्बांनी ओळखलं आणि छपाईच्या ट्रेडल मशीनशेजारचं टेबल तिच्या कॉम्प्युटरसाठी रिकामं करून दिलं. २००५च्या उन्हाळ्यात त्या टेबलावर तिला पहिलं काम मिळालं. खोडाळ्यात नागलीचे पापड करणाऱ्या नऊ बायकांचा गट होता, त्यांची वेबसाइट.

मजकूर शहरातल्यांसाठी इंग्रजीत होता. पण मधल्या पानावर नऊ जणींचे फोटो आणि प्रत्येकीखाली तिचं नाव मराठीतच हवं, असा रुमानाचा हट्ट. मराठी अक्षरं सगळ्या कॉम्प्युटरांवर नीट उमटतील याचा तेव्हा भरवसा नव्हता. मग अब्बांनी शिशाचे अक्षरांचे खिळे जुळवून नऊ नावं सुरेख छापून दिली आणि तिनं त्या छापील नावांचीच चित्रं करून पानात बसवली. प्रत्येक फोटोला आणि प्रत्येक नावाला वेगळी चौकट. तीन फोटो, खाली तीन नावं, पुन्हा तीन फोटो. पान इतकं देखणं झालं की ती दिवसातून दहा वेळा उघडून बघायची. पहिलंच काम, माणसाला एवढी हौस असायचीच.

फ्लॉपी घेऊन ती एसटीनं खोडाळ्याला गेली. गटाला मदत करणाऱ्या संस्थेच्या खोलीत एक जुनाट कॉम्प्युटर होता आणि त्यात त्याच्याच वयाचा ब्राउझर. गटाची पुढारीण गौराबाई शेजारी खुर्ची ओढून बसली. पान उघडलं आणि रुमाना गारच पडली. तीन चौकटींच्या ओळीत चार घुसल्या होत्या. गटातल्या गोजाबाईच्या फोटोखाली नावाऐवजी रंगूचा चेहरा आला होता आणि गौराबाईचं नाव कडेला एकटंच उभं होतं.

पन्नाशीच्या गौराबाईनं आदल्या वर्षीच साक्षरता वर्गात जाऊन आपलं नाव ओळखायला शिकून घेतलं होतं. तेवढंच तिला वाचता यायचं. तिनं पडद्यावर आपल्या फोटोखाली बोट ठेवलं.

"ही मी हाय. पण खाली मी नाय. कोणाचं नाव हाय?"

"रामीचं," रुमाना खाली मान घालून म्हणाली.

गौराबाई बराच वेळ ते नाव बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "बाजाराच्या दिवशी साऱ्या जणी बघायला येतील. तवापर्यंत जमलं तं बरं, नाय तं माझा फोटो काढून टाक, बाय. आमचं आमालाच वाकडं दिसतं, तं लोकांना सरळ दिसून काय फायदा?"

रुमानाला ते फार लागलं. संस्थेच्या मुंबईच्या साहेबांनी फोनवर तिची समजूत घातली, की गिऱ्हाइकांकडे नवे कॉम्प्युटर असतात, खोडाळ्याचं एवढं मनावर घेऊ नका. पण खोडाळ्याच्या बायका आपली वेबसाइट खोडाळ्यात नाही बघणार तर कुठे बघणार?

घरी येऊन तिनं नाशिकची वही काढली, तेव्हा रोग सापडला. फोटोभोवती सोडलेली मोकळी जागा नवे ब्राउझर चौकटीच्या मापाबाहेर धरतात, हा जुना मापाच्या आतच धरतो. म्हणून त्याच्या चौकटी बारीक होत होत्या आणि चौथी आत शिरत होती. तिनं मापं वाढवली, तर आता प्रेसमधल्या कॉम्प्युटरवर पान फिस्कटलं. पुन्हा कमी केली, की खोडाळ्याचं बिघडणार. चार दिवस हाच खेळ चालला आणि तिनं हात टेकले.

पाचव्या दिवशी शेजारी अब्बा एक लग्नपत्रिका छापत होते. डाव्या कोपऱ्यातली अक्षरं फिकी उमटत होती. त्यांनी मशीन थांबवली, पातळ कागदाचा कपटा फाडला आणि जिथं छपाईचा कागद टेकतो त्या पाट्याच्या कोपऱ्यात खाली चिकटवला. पुढची पत्रिका लख्ख आली. जुळवलेल्या खिळ्यांना त्यांनी बोटही लावलं नव्हतं. रुमानानं विचारलं, खिळेच थोडे उचलून का नाही घेतले?

"खिळे बरोबर आहेत, बेटा," अब्बा म्हणाले. "झीज मशीनची आहे. ठिगळ मशीनलाच लावायचं."

रुमानानं वही पुन्हा उघडली. शेवटच्या पानावर सरांनी ओझरती सांगितलेली एक सोय तिनं घाईघाईत टिपून ठेवली होती. तिनं मूळ पान पहिल्यासारखं सरळ करून ठेवलं. मग जुन्या ब्राउझरपुरती मापं वेगळ्या चार ओळींत लिहिली आणि अशा खुणांत बसवली, की बाकीचे ब्राउझर त्यांना नुसता शेरा समजून पुढे जातील आणि तेवढा जुना थांबून वाचेल. प्रेसमधलं पान जागचं हललं नाही. खोडाळ्यात काय होईल ते मात्र खोडाळ्यातच कळणार होतं.

बाजाराच्या दिवशी तिची एसटी उशिरा पोचली. नऊ जणी आधीच खोलीत दाटीवाटीनं उभ्या होत्या. एकटीनं आधी तपासून घ्यायचा बेत तिथंच बारगळला. तिनं फ्लॉपी घातली. ती घरघरली, आणि पान उघडलं. तीन फोटो, खाली तीन नावं. मग पुन्हा तीन. रुमानाला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले. बायका मात्र आधी स्वतःला बघून आणि मग एकमेकींना बघून पोट धरधरून हसत होत्या.

गौराबाई हसली नाही. तिनं पुढे होऊन आपल्या फोटोखाली बोट ठेवलं आणि "गौरा" असं सावकाश वाचलं. रुमानाला वाटलं, झालं. पण बोट तिथं थांबलं नाही. ते शेजारच्या फोटोखाली सरकलं.

"रामी," गौराबाईनं वाचलं.

मागं उभी असलेली रामी चपापली. हिला कधीपासून वाचता येतं, असं तिनं विचारलं.

"ही पोरगी मागं आली तवापासून," गौराबाई म्हणाली. "माझ्याच खाली लिवलं होतं ना." मग तिनं बोट पुढच्या नावावर नेलं आणि रुमानाकडे बघितलं. "ही गोजाबाई ना? आता हे कसं वाचायचं, ते सांग."