डावीकडे ओढणारी गाडी

घरात गाडी एक आणि ती चालवणाऱ्या जावा दोन. त्यातली धाकटी गेले काही आठवडे दोन बस बदलून कामावर जात होती. गाडी डावीकडे ओढायला लागली होती, आणि ती हिनेच कुठेतरी ठोकलीय, असं घरात जाहीर करून थोरलीने किल्ली स्वतःकडे ठेवली होती. सासूबाईंनी मान डोलावली. धाकटीच्या नवऱ्याने "जाऊ दे ना, कशाला वाद" म्हणून अंग काढून घेतलं.

थोरलीने चाकांची अलाइनमेंट करून आणली. फरक शून्य. मग एकदा ती उड्डाणपुलावरून उतरत असताना गाडी अशी काही डावीकडे गेली की कठडा जेमतेम हातभर राहिला. दुसऱ्या दिवशी थोरली गॅरेजला निघाली, तर धाकटी आधीच पुढच्या सीटवर बसलेली.

"तुझं काय काम?"

"आळ माझ्यावर आहे ना, ताई? मग निकालही मीच ऐकणार."

वाटेत थोरली दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवत होती आणि धाकटी ते टक लावून बघत होती.

मेकॅनिक कपाळाला आठ्या घालूनच बाहेर आला. थोरलीने गाडी बंद करायच्या आत सुरुवात केली, "ठोकलीय हो गाडी. खालचं काहीतरी वाकलंय."

"कुणी पाहिलं ठोकताना?"

"पाहायला कशाला लागतं? गाडी सांगतेय ना."

"मग मला तिच्याशीच बोलू द्या," मेकॅनिक म्हणाला.

त्याने हवा तपासली. बरोबर होती. पुढची दोन चाकं काढून डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावलं. टायरचा दोष असेल तर आता गाडी उजवीकडे ओढेल, म्हणाला. दोघींना मागे बसवून त्याने एक लांब चक्कर मारली. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग सोडलं. गाडी डावीकडेच गेली.

"टायर नाही," तो म्हणाला.

"मी काय म्हणत होते!" थोरली म्हणाली.

गॅरेजमध्ये परत आल्यावर तो खाली वाकला. उजव्या चाकाला हात लावला, ठीक. डाव्या चाकाला लावला आणि झटकन मागे घेतला. जळका वास तर दोघींनाही आला. त्याने जॅक लावून पुढची बाजू उचलली. उजवं चाक हाताने गरागरा फिरलं. डावं जोर लावल्यावर कसंबसं अर्धा फेरा सरकलं.

"ब्रेक धरून बसलाय. पाय काढला तरी सोडत नाही. तुम्ही गाडी पुढे नेताय आणि हे चाक मागे खेचतंय. जाणारच डावीकडे."

थोरलीला लगेच धागा सापडला. "म्हणजे ब्रेकवर पाय ठेवूनच चालवते ना ही! मी पहिल्यापासून सांगतेय."

"मॅडम, पेडल दोन्ही चाकांना एकच आहे. मग उजवं का नाही तापलं?"

धाकटी म्हणाली, "ताई, हात लावून बघता का?"

"तोंड सांभाळून बोल!"

"भांडायचं तर बाहेर जा," मेकॅनिक ओरडला. "मला काम करू द्या."

दोघी हलल्या नाहीत. त्याने चाक उतरवून ब्रेकची पकड, म्हणजे कॅलिपर, खोलून काढली. ती ज्या पिनांवर मागेपुढे सरकते, त्यांतली एक गंजून चिकटली होती. तिच्यावरची रबरी टोपी फाटली होती, तिथून पाणी शिरलं होतं. डावीकडचे पॅड झिजून पत्र्याला टेकले होते. त्याने पिना बदलल्या, ग्रीस लावलं, नवी टोपी बसवली आणि दोन्हीकडे नवे पॅड घातले.

"कुठे आपटल्याची खूण?" धाकटीने विचारलं.

"काही नाही. सगळं जागच्या जागी आहे. रबर जुनं झालं, फाटलं."

चक्कर मारताना धाकटीने गाडी चालवली. मोकळ्या रस्त्यावर तिने हात सोडले तेव्हा थोरली किंचाळली, "वेडी झालीस का?" गाडी नाकासमोर सरळ चालली होती.

"ऐकलंत ना सगळं?" धाकटी म्हणाली. "घरी जाऊन सांगायचं. सगळ्यांसमोर."

"तू मला हुकूम करणार?"

"हो."

घरी सासूबाईंनी विचारलं तेव्हा थोरली चप्पल काढता काढता म्हणाली, "झाली दुरुस्त. ब्रेक खराब झाला होता." आणि आत गेली. धाकटी दारात उभी राहिली. मग स्वयंपाकघरातून थोरलीचा फोनवरचा आवाज आला. पलीकडे नणंद होती.

"अगं, ब्रेकची पार वाट लावली तिने. पाय उचलायचं नाव नाही..."

धाकटी आत गेली आणि तिने थोरलीच्या हातातून फोन काढून घेतला. रबरापासून चाकापर्यंत सगळं सांगितलं, थोरली "दे इकडे, दे!" म्हणून मनगट ओढत असताना, सासूबाई "अगं, शेजारी ऐकतील" म्हणत असताना. शेवटी म्हणाली, "यांना माहीत होतं. मेकॅनिकने तोंडावर सांगितलं होतं. तरी तुमच्याशी खोटं बोलल्या."

फोन तिने ओट्यावर ठेवला. थोरली लालबुंद झाली होती.

"या घरात यापुढे मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही."

आणि खरंच नाही बोलली. सासूबाईंनी समजूत घालायचा प्रयत्न केला, धाकटीच्या नवऱ्याने आता कुठे तोंड उघडून तिलाच "तूच माघार घे" म्हटलं. घरातल्या सगळ्यांना त्या अबोल्याचा त्रास झाला. धाकटीला मात्र इतकं निवांत कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.