वरवंट्याची सूज

"निघालं! निघालं!" सिडकोतल्या त्या मंगल कार्यालयात एकच कालवा उठला. मागचे लोक खुर्च्यांवर चढले, पुढच्या बायकांनी हात जोडले. विजेच्या तारेला जोडलेली जाळीची डबी सोडलेल्या टबात पाय बुडवून बसलेल्या माणसाच्या पायांभोवतीचं स्वच्छ पाणी आधी पिवळट, मग तांबूस आणि शेवटी उकळून वाया गेलेल्या चहासारखं झालं होतं. वर काळसर साय.

तो माणूस म्हणजे माझा मुलगा जीवन. डोळे मिटून बसलेला.

"बघा माउलींनो!" पांढऱ्या झब्ब्यातले रावजी महाराज माइकमध्ये गरजले. "तीर्थ गोदेचं, यंत्र गुरूचं! डॉक्टर म्हणतात सीआरपी वाढला. अहो, सीआरपी म्हणजे काय? क्रोध, राग आणि पाप! रक्तातली सूज ती हीच. आली की नाही पायावाटे खाली?"

"क्रोध आणि राग वेगळे कधीपासून झाले?" मी खालूनच विचारलं. माझी शाळा तिसरीत सुटली, पण एवढं मराठी मला येतं.

शेजारच्या साळूबाईने माझा पदर ओढला. "गप बसा हो कुसाताई, शाप देतील."

"देऊ दे. बघू त्याचा शाप टिकतो की माझी जीभ."

मला गप बसणं परवडणारं नव्हतं. जीवनला ऐन चाळिशीत साखर निघाली. आमच्या डॉक्टर झेबांनी रक्त तपासून सांगितलं, "साखर आहेच, पण रक्तात सूजही दिसते. हृदयाला जपा." गोळ्या लिहून दिल्या. जीवनने घरी येऊन पाय दाबून बघितला. खळगा पडेना. मग सूज कसली? त्या एका शब्दाने घात केला. महाराज म्हणाला, "सूज ना? काढून देतो," आणि आमच्या शहाण्याने गोळ्या सोडल्या.

त्याचे वडील याच साखरेपायी गेले. ताटावरून उठता उठता छाती धरली, हात धुवायलाही पोचले नाहीत. तोच दिवस मला पुन्हा बघायचा नव्हता.

म्हणून मी आधी झेबाबाईंकडे जाऊन बसले. विचारलं, "डॉक्टरीणबाई, ही सूज राहते कुठं?"

"मावशी, ती बोटाने दाबून कळत नाही. रक्ताच्या नळ्यांना आतून धग लागलेली असते. सीआरपी म्हणजे त्या धगीचा धूर समजा. धूर कुठून येतो ते तो सांगत नाही. दात किडला, सर्दी-ताप आला तरी वाढतो, म्हणून बरं असताना पुन्हा तपासायचा. पण साखर असलेल्याच्या रक्तात तो जास्तच राहिला, तर हृदयाला जास्त जपायचं. गोळ्या घ्यायच्या, रोज चालायचं आणि तंबाखू बंद."

"म्हणजे धूर पोत्यात भरून चूल विझायची नाही."

"अगदी बरोबर!" बाई हसल्या.

तर आता कार्यालयात महाराजाने टब बदलला, ताजं पाणी ओतलं, मूठभर 'सैंधव प्रसाद' टाकला आणि मला हाक मारली. "या माताजी, चरण ठेवा."

मी वर गेले, खुर्चीत बसले आणि पिशवीतला वरवंटा काढून टबात ठेवला. पाय बाहेरच.

"हे काय?"

"याची सूज काढा. फार ठेचाठेच करतो, क्रोध-राग पुष्कळ असेल."

सभागृह हसलं. हात लांब करून बटणही मीच दाबलं. बघता बघता पाणी पिवळं, तांबूस, चहासारखं. वर तीच साय.

"महाराज, माझ्या वरवंट्याला साखर कधीपासून आहे हो?"

महाराजाच्या कपाळावर घाम आला. "माते, तुमच्या हातचं पाप दगडात उतरलंय!"

"असेल बाई. मग आता पापी पाय घालते, फक्त मीठ टाकू नका."

"प्रसादाशिवाय यंत्र चालत नाही!"

"का हो?" साळूबाई खालून ओरडली. "गुरूचं यंत्र मिठावर अडतं होय?"

मग काय, सगळेच ओरडले. नवा टब आला, बिनमिठाचं पाणी आलं. मी पाय घातले, बटण दाबलं. लोक माना उंचावून बघत राहिले. पाण्यातून माझ्या पायांची नखं स्वच्छ दिसत होती.

मी टबातली जाळीची डबी उचलून उघडली. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या, कडा खाल्लेल्या. त्यावरून बोट फिरवलं आणि महाराजाच्या पांढऱ्या झब्ब्याला पुसलं. तांबडा पट्टा उमटला.

"आई," जीवन पुटपुटला, "हा तर गंज आहे."

जीवन अंबडच्या कंपनीत लोखंडाला गंज चढू नये म्हणून लेप देतो. रोज ज्याच्याशी झगडून पोट भरतो, त्यालाच हात जोडून बसला होता! मिठाच्या पाण्यात लोखंड, त्यात वीज सोडली की गंज भराभर सुटतो. एवढाच चमत्कार. पाय असोत, वरवंटा असो, नाहीतर काहीच नसो.

महाराज माइक तसाच टाकून मागच्या दाराने पळाला.

घरी येताना जीवन घुश्शात होता. "चारचौघांत लाज काढलीस माझी."

"काढली. गेलेली लाज परत येते रे. तुझे वडील आले का परत?"

जेवण झाल्यावर त्याने विचारलं, "गोळ्या कुठं ठेवल्यास?"

"मिठाच्या बरणीशेजारी. मीठ कशाला वापरायचं ते आठवत राहील."

त्याला हसू आवरलं नाही. गोळी घेतली. उद्या झेबाबाईंकडे जायचं ठरलं.

बायांनो, बाप्यांनो, मी अडाणी बाई, मला सीआरपीचा आकडा वाचता येत नाही. पण कुणी चमत्कार दाखवला तर पायावर डोकं ठेवण्याआधी एक विचारा: माणूस बाजूला काढला तरी हे असंच होतं का? डॉक्टरलाही विचारा, ही गोळी कशासाठी. मी झेबाबाईंना दहा प्रश्न विचारले, त्या हसून सांगत राहिल्या. महाराजाला एक विचारला, त्याने माझं पाप काढलं. प्रश्न विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या टबात पाय घालू नका.